परतीचं दार

गेल्या जानेवारीत न्यू जर्सीला बहिणीकडे होतो. बाहेर बर्फ साचलेलं, आत टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलचा सामना. अलाबामाच्या संघातून चार्ल्स बेडियाको हा सात फुटी सेंटर खेळत होता आणि समालोचकांना सामन्यापेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलायचं होतं. बेडियाको 2021 ते 2023 अशी दोन वर्षं याच विद्यापीठाकडून खेळला. मग शिक्षण अर्ध्यावर सोडून एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टमध्ये उतरला. ड्राफ्ट म्हणजे लीगमधल्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक पद्धत. तिथे कुणी त्याला निवडलं नाही. मुख्य संघाच्या उंबरठ्यावर ठेवणारा एक करार मिळाला, पण खेळ सगळा एनबीएच्या दुय्यम लीगमध्येच झाला. नियमाप्रमाणे त्याला कॉलेजचं दार बंद होतं, पण आता न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशावर तो पुन्हा कॉलेजची जर्सी घालून मैदानात उतरला होता. भाऊजी चिडले. "एकदा पैशामागे गेलास ना? मग परत कशाला आलास? आधी डिग्री पूर्ण करायची होती." शाळेच्या संघातून खेळणारा सतरा वर्षांचा भाचा एवढंच म्हणाला, "बाबा, पण जाताना त्याला काय माहीत होतं?"

फेब्रुवारीत न्यायाधीशांनी आदेश पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि बेडियाकोचा कॉलेजचा खेळ पुन्हा थांबला. बऱ्याच जणांना हायसं वाटलं. मला मात्र भाच्याचा प्रश्न सोडेना. कॉलेजच्या मुलांनी ड्राफ्टमध्ये लवकर उतरावं की थांबावं, हा वाद मी वीसेक वर्षं ऐकतो आहे, आणि तो दर वर्षी त्याच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. एक बाजू म्हणते, मुलं उतावळी आणि लोभी झाली आहेत. दुसरी बाजू म्हणते, संधी दारात आली की घ्यावी, शिक्षण कुठे पळून जातंय. दोघंही मुलाच्या स्वभावाबद्दल बोलतात. माझं म्हणणं असं की प्रश्न स्वभावाचा नाहीच. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला अपुऱ्या माहितीवर असा निर्णय घ्यायला लावलं जातं, जो नंतर फिरवता येत नाही. तो फिरवता येत नाही याला निसर्गाचा कुठलाही नियम कारण नाही. ते दार माणसांनी लावलं आहे, आणि ते उघडता येतं.

आपल्याकडे ड्राफ्ट म्हटलं की आयपीएलचा लिलाव डोळ्यांसमोर येतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. लिलावात दोन संघ एकाच खेळाडूसाठी बोली चढवू शकतात. ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू उचलतात, साधारणपणे आधीच्या हंगामात हरलेल्या संघांना आधी संधी मिळते, आणि ज्याने उचललं त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा. तीस संघ, दोन फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त साठ नावं. पहिल्या फेरीतल्या मुलाला दोन वर्षांच्या पगाराची हमी असते, पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाच्या हातात. दुसऱ्या फेरीतल्या मुलाला कसलीच हमी नाही. तिसाव्या आणि एकतिसाव्या नावात खेळाचा फरक नखाएवढाही नसेल, पण आयुष्याचा असतो. ज्यांचं नाव पुकारलंच जात नाही, त्यांच्यातल्या काहींना 2017 पासून तो उंबरठ्यावरचा करार मिळतो. आज मुख्य संघात, उद्या दुय्यम लीगमध्ये. गिरणगावात रोज सकाळी गेटवर उभं राहून आज आपला नंबर लागतो का याची वाट पाहणारा बदली कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा करार समजावून सांगावा लागणार नाही.

या निर्णयाचं मोजमाप आपण कसं करतो? निकालावरून. 1998 साली शाळेतून थेट ड्राफ्टमध्ये उतरलेल्या मुलांमध्ये रशार्ड लुईस आणि कोर्लिओन यंग हे दोघं होते. लुईस पहिल्या फेरीत जाईल असं सगळे म्हणत होते. फेरी संपली तरी त्याचं नाव आलं नाही, आणि निमंत्रितांच्या खोलीत बसून रडणारा तो मुलगा देशाने टीव्हीवर पाहिला. अखेर तो 32 वा गेला. यंग 40 वा गेला. 2007 मध्ये ऑर्लँडोने लुईसशी 11 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपासचा करार केला. यंग एनबीएत एकूण तीन सामने खेळला. त्या रात्री दोघांमध्ये आठ नावांचं अंतर होतं. दोघांचं वय सारखं, शिक्षण सारखं, निर्णयही एकच. तरीही यंगचं नाव आज लवकर जाण्याच्या मूर्खपणाचा दाखला म्हणून घेतलं जातं आणि लुईस हिमतीचं उदाहरण ठरतो. उलट्या बाजूलाही हेच. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर 2011 मध्ये पहिल्या पाचांत जाईल असा अंदाज होता. तो थांबला. पुढच्या वर्षी पाठीचं दुखणं समोर आलं आणि तो 21 वा गेला. पर्ड्यूचा झॅक ईडी 2023 मध्ये देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही थांबला, संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला आणि 2024 मध्ये नववा गेला. सलिंजर थांबला ती चूक आणि ईडी थांबला ते शहाणपण, असं आपण म्हणतो तेव्हा एकाच्या पाठीबद्दल बोलत असतो, त्याच्या विवेकाबद्दल नाही.

ही मुलं उतावळी आहेत हा आरोप ज्या काळात जन्माला आला तो काळही आठवायला हवा. एनबीएचा मूळ नियम असा होता की शाळा सोडून चार वर्षं झाल्याशिवाय कुणालाही घ्यायचं नाही. विल्ट चेंबरलेनसारखा खेळाडू 1958 मध्ये कॅन्ससचं शेवटचं वर्ष न करता बाहेर पडला, तर त्याला एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्ससोबत गावोगावी प्रदर्शनी सामने खेळत काढावं लागलं. हा नियम मोडला स्पेन्सर हेवूडने. मिसिसिपीतल्या सिल्व्हर सिटीत कापूस वेचणाऱ्या आईच्या दहा मुलांपैकी एक. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचा आधारस्तंभ. तो डेट्रॉइट विद्यापीठ सोडून प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला, पहिल्याच हंगामात तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 1970 मध्ये सिअ‍ॅटलने त्याला एनबीएत आणलं. लीगने आणि इतर संघांनी मिळून त्याला अडवलं. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून 'बेकायदा खेळाडू मैदानात आहे' अशी घोषणा व्हायची, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. मार्च 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्याच्या बाजूने आदेश दिला आणि चार वर्षांची भिंत ढासळली.

त्यानंतर लीगने काय केलं ते पाहा. चार वर्षांच्या आत यायचं असेल तर घरची आर्थिक अडचण सिद्ध करायची, असा नियम आणला. तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला यातला अपमान लगेच कळेल. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाने काम करण्याची परवानगी मागायची, तर आधी आपण गरीब आहोत हे कागदावर दाखवायचं. ही अट 1976 मध्ये गेली. पण तिने रुजवलेली समजूत गेली नाही: थांबणं हा सभ्यपणा, जाणं ही गरज किंवा हाव. प्रयोगशाळेत चमकणाऱ्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी कंपनीने उचललं तर आपण पेढे वाटतो. मग बास्केटबॉलपटूकडेच दाखला का मागायचा?

आता समोरच्यांची बाजू. ती कमकुवत नाही. पहिला मुद्दा अंकांचा आहे आणि तो बिनतोड आहे. तीस संघ, प्रत्येकी पंधरा जागा, म्हणजे साऱ्या जगातून साडेचारशे नोकऱ्या. दर वर्षी कितीतरी मुलं नाव नोंदवतात आणि त्यातल्या बहुतेकांसाठी एनबीएत जागा नसते, हे गणित त्यांचा एजंट त्यांना सांगेलच असं नाही. दुसरा मुद्दा कोवळ्या वयाचा. टेनिसमध्ये जेनिफर कॅप्रियाटी 1990 मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली. पुढच्या काही वर्षांत तिच्या आयुष्याची जी ओढाताण झाली ती पाहून महिला टेनिसला वयाचे नियम कडक करावे लागले. कुणी सावध करत असेल तर तो नेहमी स्वार्थीच असतो असं नव्हे. तिसरा मुद्दा शिक्षणाचा, आणि मराठी घरात वाढलेल्या कुणालाही तो हसण्यावारी नेता येणार नाही. टिम डंकनने आईला पदवीचा शब्द दिला होता. त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती कॅन्सरने गेली. एनबीए हात पसरून उभी असतानाही डंकन वेक फॉरेस्टमध्ये चारही वर्षं राहिला, पदवी घेतली, आणि 1997 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. ही गोष्ट मला अजूनही हलवते.

पण डंकनच्या गोष्टीतून निघणारा निष्कर्ष 'सगळ्यांनी थांबावं' हा कसा होतो? तो थांबला कारण थांबायचं त्याने ठरवलं होतं. पदवी बावीस वर्षांच्या आतच घ्यायची असते असा नियम कुठल्याही विद्यापीठात नाही. आयझेया थॉमस दोन वर्षांनी इंडियाना सोडून गेला आणि व्यावसायिक खेळाडू असतानाच 1987 मध्ये पदवीधर झाला. मायकेल जॉर्डनने 1984 मध्ये तीन वर्षांनी नॉर्थ कॅरोलायना सोडलं आणि दोन वर्षांत पदवी पुरी केली. तो जाऊ नये यातच कोच डीन स्मिथ यांचा फायदा होता, तरी त्यांनीच त्याला जायचा सल्ला दिला, हेही नोंदवायला हवं. स्टेफ करीने 2009 मध्ये डेव्हिडसन सोडलं आणि 2022 मध्ये पदवी मिळवली. आणि व्हिन्स कार्टर? तोही तीन वर्षांनी नॉर्थ कॅरोलायना सोडून गेला होता. 20 मे 2001 ला सकाळी तो आपल्या पदवीदान समारंभाला चॅपल हिलला, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या गावी, गेला, आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियात त्याच्या टोरंटो संघाचा सातवा, निर्णायक सामना होता. समारंभ आटोपून विमानाने तो वेळेत पोहोचला, खेळला, आणि शेवटच्या क्षणीचा त्याचा फटका रिंगला लागून बाहेर आला. पुढची कित्येक वर्षं लोकांनी त्याला त्या सकाळीसाठी दोष दिला. मुलाने पदवी घेतली नाही तर तो लोभी, आणि घ्यायला गेला तर संघाशी बेइमान. मग या साऱ्या ओरडीत शिक्षणाची खरी काळजी किती होती?

आपलंही मन इथे दुटप्पी आहे. सोळाव्या वर्षी कराचीत वकार युनूसला सामोऱ्या गेलेल्या सचिनकडे कुणी पदवीची चौकशी केली नाही. अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घराबाहेर पडलेल्या भीमसेन जोशींची गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. शरीरावर आणि गळ्यावर जे उभं राहतं त्याला वेळ मर्यादित असतो, हे आपल्याला पुरेपूर कळतं. फक्त ते आपल्या घरातल्या मुलाला लागू करायची वेळ आली की आपण भाऊजींसारखं बोलतो. भाऊजींना मी दोष देत नाही. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतून ते डिग्रीच्या जोरावर तिथे पोहोचले आहेत. त्यांच्या अनुभवात दुसरी शिडीच नव्हती.

कोवळ्या वयाच्या मुद्द्याचं उत्तर जरा वेगळं द्यावं लागतं. 2005 मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेने करार करून शाळेतून थेट येण्याची वाट बंद केली. वय किमान एकोणीस आणि शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. नियम 2006 च्या ड्राफ्टपासून लागू झाला आणि कॉलेजात एक वर्ष काढून निघून जाणाऱ्यांची 'वन अँड डन' पिढी जन्माला आली. हा नियम मुलांच्या भल्यासाठी केला, असं सांगितलं जातं. करार करायला बसलेल्यांचा फायदा कशात होता ते पाहू. संघमालकांना शाळेतल्या सतरा वर्षांच्या मुलाची पारख करणं अवघड जात होतं. 2001 मध्ये क्वामे ब्राउनला शाळेतून पहिल्या क्रमांकावर घेऊन पस्तावल्याची जखम ताजी होती. आता त्याच मुलाची एक वर्षाची परीक्षा दुसऱ्याच्या खर्चाने, कॉलेजच्या मैदानावर बघायला मिळणार होती. संघटनेतल्या जुन्या खेळाडूंचं गणित आणखी सोपं होतं: साडेचारशे जागांत आत येणारा प्रत्येक नवा मुलगा कुणा जुन्याला बाहेर काढतो. ज्याच्यावर हा नियम पडणार होता तो मुलगा त्या टेबलावर नव्हताच. कॅप्रियाटी तेरा वर्षांची होती. इथे आपण अठरा-एकोणीस वर्षांच्या, मतदानाचा हक्क असलेल्या, सैन्यात जाऊ शकणाऱ्या माणसाबद्दल बोलतो आहोत. आणि ते एक वर्ष त्याला खरंच जपतं का? 20 फेब्रुवारी 2019 ला ड्यूकचा झायन विल्यमसन नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध उतरला. बराक ओबामा प्रेक्षकांत होते. मिनिटभरही झालं नव्हतं तोच पळता पळता त्याचा बूट फाटला आणि गुडघा पिळवटला. तिकिटांवर, प्रक्षेपणावर आणि त्या बुटांवर पैसा कमावणारे सगळे तिथे होते. पगार नसलेला एकटा तो. सुदैवाने दुखापत किरकोळ निघाली.

जाण्याच्या बाजूने एक कारण आहे जे चर्चेत फार कमी येतं, कारण ते कंटाळवाण्या करारांच्या कलमांत दडलेलं आहे. 1994 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ग्लेन रॉबिन्सनने दहा वर्षांसाठी 6 कोटी 80 लाख डॉलर मिळवले. मालक हादरले. 1995 पासून नवख्यांचा पगार ड्राफ्टच्या क्रमांकानुसार बांधून टाकला गेला. त्यामुळे खरा पैसा पहिल्या करारात राहिला नाही, तो दुसऱ्या करारात गेला. पहिला करार लवकर सुरू झाला तर दुसराही लवकर येतो. केव्हिन गार्नेट 1995 मध्ये शाळेतून आला आणि 1997 मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने सहा वर्षांचा 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. एकोणिसाव्या वर्षी येणारा मुलगा तेविसाव्या वर्षी बाजारात उभा राहतो, बाविसाव्या वर्षी येणारा सव्विसाव्या. ज्या पेशात पस्तिशीला माणूस म्हातारा ठरतो, तिथे तीन वर्षं म्हणजे जवळपास एक अख्खा करार. जो मुलगा हा हिशेब करून निघतो त्याला उतावळा म्हणणारे लोक स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीचा हिशेब मात्र चोख ठेवतात.

शिवाय तरुणपण हेच या बाजारातलं भांडवल आहे. संघ मुलाच्या आजच्या खेळाला पैसे देतच नाहीत, तो पाच वर्षांनी कसा खेळेल या अंदाजाला देतात. एकोणिसाव्या वर्षी जी उणीव 'शिकेल हळूहळू' म्हणून पोटात घातली जाते, तीच बाविसाव्या वर्षी 'आता काय शिकणार' होते. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग आठवा. सात फूट दोन इंच उंची. फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजात एकही सामना न खेळता, एकोणिसाव्या वर्षी 2015 च्या ड्राफ्टमध्ये उतरला आणि डॅलसने त्याला 52 वा घेतला. भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्टेड खेळाडू. एनबीएत तो एकही सामना खेळू शकला नाही, म्हणून लवकर जाऊन वाया गेला, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पण डॅलसने 52 वा क्रमांक खर्च केला तो त्याच्या त्या दिवशीच्या खेळावर नाही, त्याची उंची आणि वय यांवर. थांबला असता तर उंची तेवढीच राहिली असती, वय वाढलं असतं.

इथपर्यंत वाचून मी 'जा' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे असं वाटेल. तसं नाही. पैसा समोर आला की मुलं पळतातच, हे त्यांचं गृहीतकही गेल्या पाच वर्षांत खोटं ठरलं आहे. एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, सगळा डोलारा 'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दावर उभा होता. तो शब्द संस्थेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत, 1950 च्या दशकात, रूढ झाला. मैदानावर जखमी झालेल्या किंवा मेलेल्या खेळाडूंच्या कुटुंबांनी कामगार म्हणून भरपाई मागू नये, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करता येऊ लागली, आणि जून 2025 मधल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरच्या मर्यादेत. परिणाम? 2021 मध्ये मुदतीआधी ड्राफ्टसाठी नाव नोंदवणारे साडेतीनशेहून अधिक होते. महामारीमुळे सर्वांना एक जादा वर्ष मिळालं होतं, त्यामुळे तो आकडा फुगलेला होता हे खरं. पण 2025 मध्ये तो 106 वर आला, दहा वर्षांतला सर्वांत कमी. पन्नास वर्षं प्रवचनांनी जे झालं नाही ते पगाराने झालं. मुलं कॉलेज सोडत होती ती पुस्तकांना कंटाळून नाही. ज्या कामातून इतरांची घरं चालत होती त्या कामाचे त्यांना पैसे मिळत नव्हते. दुसऱ्या फेरीत, हमीशिवाय, जाण्यापेक्षा कॉलेजात अधिक मिळत असेल तर मुलगा थांबतो. यात लोभ कुठे आणि त्याग कुठे? आजवर ज्यांनी या मुलांना नीतीचे धडे दिले त्यांनी आपले शब्द मागे घ्यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तरीही भाच्याचा प्रश्न उरतोच. जाताना मुलाला काय माहीत असतं? शिकागोतल्या चाचणी शिबिरात उंची, उडी, धाव मोजली जाते. लीगची एक समिती अंदाज कळवते: पहिली फेरी, दुसरी फेरी, किंवा निवड नाही. शिबिर संपल्यावर दहा दिवसांत, साधारण मेच्या अखेरीस, कॉलेजच्या खेळाडूने नाव मागे घ्यायचं, नाहीतर कॉलेजचं दार बंद. ड्राफ्ट होतो जूनच्या अखेरीस. म्हणजे ज्या एका गोष्टीवर सगळं ठरतं, ती कळायच्या महिनाभर आधी निर्णय पक्का करायचा. एवढं कमी होतं की काय म्हणून गेल्या डिसेंबरात एनसीएएने जेम्स नाजीला बेलर विद्यापीठाकडून खेळायला परवानगी दिली. नाजी 2023 च्या ड्राफ्टमध्ये 31 वा निवडला गेला होता आणि नंतर युरोपात व्यावसायिक खेळत होता. ज्याला निवडलं तो आत, आणि त्याच ड्राफ्टमध्ये ज्याला कुणी निवडलं नाही तो बेडियाको बाहेर. एकाने एनबीएचा करार केला नव्हता, दुसऱ्याने केला होता, हा फरक कायद्याच्या भाषेत टिकतो. पण उंबरठ्यावरच्या करारावर सही करण्यापूर्वी, ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बेडियाकोला परतायची मुभा असती तर त्याने ती सही केली असती का?

आणि हे दार नेहमीच बंद होतं असंही नाही. लॅरी बर्डला 1978 मध्ये बोस्टनने सहावा निवडला. बर्ड म्हणाला, माझं एक वर्ष बाकी आहे. तो इंडियाना स्टेटला परतला, संघाला एकही सामना न हरता अंतिम फेरीत नेलं, आणि मार्च 1979 मध्ये मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटशी खेळला. अमेरिकेत आजवर सर्वाधिक पाहिला गेलेला कॉलेज बास्केटबॉल सामना म्हणून तो ओळखला जातो, आणि त्यातला एक नायक आधीच ड्राफ्ट झालेला होता. खेळाचं काय बिघडलं? बेसबॉलमध्ये गेरिट कोलला न्यूयॉर्कच्या यँकीज संघाने 2008 मध्ये शाळेतून निवडलं. त्याने नकार दिला, लॉस एंजेलिसला कॉलेजात गेला, 2011 मध्ये पिट्सबर्गने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, आणि 2019 मध्ये त्याच यँकीजनी त्याच्याशी 32 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला. हॉकीत तर हे रोजचंच आहे. केल मकारला कोलोरॅडोने 2017 मध्ये चौथा निवडला, तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं खेळला, आणि 2019 मध्ये कॉलेजचा हंगाम संपताच थेट व्यावसायिक प्लेऑफमध्ये उतरला. हक्क क्लबकडे राहतात, मुलगा वर्गात राहतो, आणि तयार झाल्याचं दोघांनाही पटलं की सही होते. बास्केटबॉलमध्ये एवढंच करायचं आहे. जोवर सही नाही तोवर परतीचं दार उघडं. निवड झालेल्याचे हक्क ठरावीक काळ संघाकडे, आणि निवड न झालेल्याला दुसऱ्या दिवशी कॉलेजात फोन करायची मुभा. अशा दुरुस्तीची भाषा 2018 मध्ये एनसीएएनेही केली होती, पण एनबीए आणि खेळाडू संघटना यांच्या संमतीवाचून ती अडली.

शेवटचा आक्षेप कोचांचा. जूनअखेरपर्यंत कोण परत येणार हेच कळलं नाही तर संघ कसा बांधायचा? हे दुखणं खरं आहे. एका मुलासाठी राखून ठेवलेली जागा म्हणजे दुसऱ्या मुलाला दिलेला नकार असतो. पण याच कोचांनी 2021 पासून बदलीचे नियम सैल झाल्यावर, आणि 2024 नंतर तर दर वर्षी कुणीही कुठेही जाऊ शकतं अशा बाजारात, एप्रिलमध्ये रिकामी झालेली अर्धी ड्रेसिंग रूम काही आठवड्यांत भरून दाखवली आहे. त्यांच्यातले काही जण स्वतः एप्रिलमध्ये जास्त पगारावर दुसऱ्या विद्यापीठात गेले, आणि तिथून नको वाटलं तर परत यायलाही त्यांना कुणाची मनाई नव्हती. ड्राफ्ट जूनच्या शेवटच्या आठवड्यात होतो, वर्ग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात भरतात, पहिला सामना नोव्हेंबरात असतो. एक जागा ठेवायची की नाही हे ठरवायला कोचकडे ड्राफ्टनंतर दोन महिने असतात. मुलाकडे मेअखेरचे दहा दिवस असतात.